चूल कुठे मांडायची?

उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली की कुरखेड्याहून कोरचीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वऱ्हाडाच्या गाड्या दिसू लागतात, आणि त्यांतल्या कितीतरी राज्याची हद्द ओलांडून पुढे जातात. मोहला, मानपूर, अंबागड चौकी ही नावं सरकारी नकाशात छत्तीसगडची. 2022 च्या सप्टेंबरात त्या तिघांचा मिळून एक वेगळा जिल्हाही झाला. पण कुरखेडा-कोरची पट्ट्यातल्या गोंड, हलबा, कंवर घरांना तो मुलूख कधी परका वाटलाच नाही. इकडची पोरगी तिकडे दिलेली, तिकडची सून इकडे आणलेली, मयतीला आणि बारशाला दोन्हीकडची माणसं हजर. दुसऱ्या अंगाला वडसा, आरमोरी, धानोरा, आणि गोंदिया जिल्ह्यातले अर्जुनी मोरगाव, देवरी हे तालुके. सोयरिकीचा वेढा साधारण एवढाच असतो. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, किंवा फार तर एक रात्र मुक्काम पडेल, एवढ्या टप्प्यात माणसाची बहुतेक नाती बसलेली असतात.

सती नदीकाठचं कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडचं तालुक्याचं गाव. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, पुढे कुरखेड्यातून कोरची हा तालुका वेगळा झाला. हद्दी अशा बदलत राहिल्या, सोयरिकी मात्र जुन्याच वाटांनी चालू राहिल्या. या गावांतली जोडपी कुठे राहतात आणि का राहतात, हे पाहायचं तर तहसीलच्या नकाशाइतकाच नात्यांचा नकाशाही हाताशी असावा लागतो.

लग्न जमवताना शेती किती, शिक्षण किती, देणंघेणं काय, हे सगळं बोललं जातं. दोघं राहणार कुठं, हे सहसा कुणी बोलत नाही, कारण ते ठरलेलंच आहे असं सगळे धरून चालतात. मुलगी सासरी जाणार. महाराष्ट्रातली सासर-माहेराची सारी भाषा, सारे सणवार या एका गृहीतावर उभे आहेत. कुरखेडा पट्ट्यात थोडं जवळून पाहिलं की हे गृहीत पातळ होत जातं. तिथे जोडप्याचं घर कुठं उभं राहील हे हातांच्या, पोटाच्या आणि म्हातारपणाच्या हिशेबानं ठरतं, आणि त्या हिशेबात बायकोकडची नाती आपण समजतो त्याहून बरीच जड असतात. सातबाऱ्यावर मात्र ती नाती अजून उमटलेली नाहीत. वागण्यात जे मानलं जातं ते कागदावर का येत नाही, ही या विषयातली खरी गाठ आहे.

आधी देशाचा आकडा पाहू. जुलै 2020 ते जून 2021 या वर्षाच्या केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत स्थलांतराची माहिती गोळा केली गेली. पुरुषांपैकी 10.7 टक्के स्थलांतरित निघाले, स्त्रियांपैकी 47.9 टक्के. आणि त्या स्थलांतरित स्त्रियांपैकी 86.8 टक्के जणींनी कारण दिलं ते लग्नाचं. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईच्या गाडीत चढणारा तरुण येतो. या देशात सर्वांत जास्त माणसं ज्यामुळे आपलं गाव सोडतात ते कारण म्हणजे लग्न, आणि सोडणाऱ्या बहुतेक बायका असतात. इतकी मोठी हालचाल इतकी सवयीची झाली आहे की तिला हालचाल म्हणायचंही सुचत नाही.

सगळीकडे ही हालचाल सारख्या अंतराची नसते. इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेनुसार चार विभाग पाडले. उत्तरेत मुलगी आपल्या गावाबाहेर, अनोळखी घरात दिली जाते. दक्षिणेत ती मामाकडे, आत्याकडे, म्हणजे लहानपणापासून पायाखालच्या अंगणात जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधे. इथल्या बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. गोंडांमध्ये आते-मामे भावंडांच्या लग्नाला केवळ परवानगी नव्हती, त्यावर हक्क सांगितला जाई. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरील ग्रंथात या रीतीची नोंद आहे. ज्या घरातून एकदा मुलगी आणली, त्या घरी पुढच्या पिढीत एक मुलगी परत द्यायची. दूध परत करायचं, असं ते लोक म्हणत. अशा लग्नात नवी सून सासऱ्याची भाची असते. तिनं आजोळी म्हणून पाहिलेली विहीर, मोहाचं झाड, शेजारपाजार, हेच तिचं सासर होतं. माहेर आणि सासर यांतलं अंतर कोसांत मोजा की मनात, दोन्हीकडे कमी होतं.

टिम डायसन आणि मिक मूर यांनी 1983 मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. जिथे मुली जवळच्या नात्यात आणि जवळच्या गावात दिल्या जातात, तिथे त्यांचा शब्द घरात अधिक चालतो आणि त्यांचं जगणंही कमी स्वस्त होतं, असं त्यांनी राज्याराज्यांच्या तुलनेतून मांडलं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या, चंद्रपुरात 961 आणि गडचिरोलीत 982. हा फरक एकट्या लग्नाच्या अंतरानं पडला असं म्हणणं चुकीचं ठरेल. आदिवासी लोकसंख्या, बायकांचं शेतातलं आणि जंगलातलं काम, मुलीच्या बापाला हुंडा मोजावा लागण्याऐवजी वरपक्षाकडून काही येण्याची जुनी रीत, असे कितीतरी धागे त्यात गुंतले आहेत. पण लेक डोळ्यांसमोर राहणं हा त्यांतला एक धागा नक्कीच आहे.

गोंड समाजात कुणी कुणाशी सोयरीक करायची याचा पाया देवांच्या संख्येवर आहे. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव मानणारे असे गट असतात. सारख्या संख्येचे देव मानणारे एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. इतर सोयरे. म्हणजे माणसाच्या भोवतालचं सारं जग भाऊबंद आणि सोयरे अशा दोन भागांत वाटलेलं असतं, आणि दोघांचीही गरज पडते. देवाच्या कामाला भाऊबंद लागतात, लग्नाच्या आणि मरणाच्या कितीतरी कामांना सोयरा लागतो. मूळच्या कुळानं सोयऱ्यांना आपल्या गावात आणून वसवायचं, त्यांना जागा द्यायची, ही गोष्ट म्हणूनच या मुलखात नवलाची नाही. जावई गावात राहायला आला तर गावाच्या दृष्टीनं त्यात काही उलटं घडलेलं नसतं. गावाला एक सोयरा मिळालेला असतो.

इथे लमसेना प्रथेपाशी थोडं थांबायला हवं. छत्तीसगडला लागून असलेल्या या भागात तो शब्द ओळखीचा आहे. लग्नासाठी मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी धान्य, कापड, पैसा द्यायचा असे. ज्याच्या घरी तेवढी ऐपत नसे, तो मुलगा होणाऱ्या सासऱ्याच्या घरी जाऊन राही. नांगर धरी, लाकडं आणी, कुंपण बांधी, गुरं राखी. कधी काही महिने, कधी तीन, कधी पाच वर्षं. रसेल-हिरालाल यांनी हे नोंदवलं आणि पुढे व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया गोंडांवर लिहिताना, 1947 च्या आपल्या ग्रंथात, या मुलांविषयी विस्तारानं सांगितलं. मुदत भरली, मुलाचं काम आणि वागणं पसंत पडलं की लग्न लागे. त्यानंतर काही जण बायकोला घेऊन आपल्या गावी परतत आणि काही तिथेच राहत. ज्या घरी मुलगा नाही, त्या घरी तर असा जावई कायमचा राहावा म्हणूनच पाहिला जाई.

महाराष्ट्राच्या इतर भागांत घरजावई म्हटलं की त्या माणसाकडे पाहण्याची नजर बदलते. त्याच्या पुरुषपणावर, स्वाभिमानावर शेरे मारले जातात आणि तो स्वतःही अवघडून वागतो. लमसेनाच्या वाट्याला कष्ट पुष्कळ आले, सासऱ्यानं राबवून घेतल्याच्या आणि मग मुलगी न दिल्याच्या तक्रारी पंचांपुढे गेल्या. पण त्याचं तिथे असणं लाजिरवाणं नव्हतं. तो आपल्या अंगाच्या मेहनतीनं संसार उभा करत होता. आज या रूपातला लमसेना विरळ झाला आहे. रोजगार हमीची मजुरी आहे, शहरातलं काम आहे, मुलाला वर्षानुवर्षं राबण्याची गरज उरली नाही. मात्र प्रथा विरळ झाली तरी तिनं दिलेली मोकळीक गेलेली नाही. मुलगे नसलेल्या घरात धाकट्या मुलीचा नवरा येऊन राहणं, सासऱ्याचं शेत सांभाळणं, नंतर त्याच गावात त्याची मुलंबाळं मोठी होणं, हे आजही या गावांत चालतं आणि त्याबद्दल कुणाला खुलासा द्यावा लागत नाही.

जगात इतरत्रही असंच आहे, आणि ते लक्षात घेतलं की आपल्या सवयीलाच निसर्गनियम मानण्याची घाई होत नाही. मेघालयातल्या खासी कुटुंबात घर धाकट्या मुलीकडे जातं आणि तिचा नवरा तिच्या घरी येतो. केरळच्या नायर तरवाडांत नवरा बायकोच्या घरी येऊन-जाऊन असे. जपानमध्ये मुलगा नसलेल्या घराण्यांनी जावयाला दत्तक घेऊन घराण्याचं नाव आणि पेढी दोन्ही त्याच्या हाती दिल्याची उदाहरणं शेकडो वर्षांची आहेत. प्रश्न सगळ्यांपुढे एकच होता: काम करणारे हात, म्हाताऱ्यांची सेवा आणि जमीन यांना एका छपराखाली कसं आणायचं.

कुरखेड्याकडच्या एखाद्या खेड्यात हा प्रश्न कसा सुटतो, ते घराच्या बांधणीत दिसतं. कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर सारवलेलं अंगण, मागे सांदवाडी आणि तिला बांबूचं कुंपण. थोरल्या मुलाचं लग्न झालं की जोडपं आधी याच घरात राहतं. एकाच चुलीवर भात शिजतो. एखादं मूल झालं, दुसऱ्या भावाचं लग्न ठरलं की छपरीच्या एका टोकाला बांबूचा टट्टा उभा राहतो, त्यावर माती लिंपली जाते आणि त्याच्या आड दुसरी चूल मांडली जाते. हे वेगळं निघणं. अंगण तेच, विहीर तीच, बैलजोडीही पुष्कळदा सामाईक. काही वर्षांनी सांदवाडीत नाहीतर गावाच्या कडेला दुसरं घर होतं. थोरला असा बाहेर पडतो, मग मधला, आणि आईबापांपाशी जुन्या घरात उरतो तो धाकटा. म्हाताऱ्यांचं करणं त्याच्याकडे येतं, आणि बहुतेक वेळा जुनं घरही.

जर्मनीतल्या कुटुंबांच्या माहितीवरून कॉनराड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त एक निष्कर्ष मांडला होता. दोन भावंडांत थोरलं आईवडिलांपासून अधिक लांब राहायला जातं, आणि त्यामुळे जवळ राहून सेवा करण्याची जबाबदारी धाकट्यावर येते. मोटारी, पेन्शन, वृद्धाश्रम असलेल्या देशात जे शेकडो किलोमीटरांत मोजलं गेलं, तेच इथे एका अंगणाच्या लांबीत घडतं. अमेरिकेसारख्या सतत फिरत्या समजल्या जाणाऱ्या देशातही सर्वसाधारण प्रौढ माणूस आपल्या आईपासून 18 मैलांच्या आसपास राहतो, असं ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं 2015 मध्ये दिलेल्या विश्लेषणात आढळलं होतं. शिक्षण आणि पगार वाढला की हे अंतर वाढतं. मूल झालं, आई थकली की ते पुन्हा कमी करावंसं वाटतं.

पण जवळ म्हणजे कुणाच्या जवळ? याचं उत्तर या मुलखात वर्षाच्या कामांकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही. जुलैत पाऊस लागला की धानाची रोवणी येते. पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत ओळीनं वाकून लावायचे, आणि हे सगळं पाणी आहे तोवर, थोड्या दिवसांत. एका घराच्या हातांनी ते होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केलेली असते, उजाडायच्या आत टोपली घेऊन तिथे पोचावं लागतं, कारण फुलं रात्रीतून गळतात आणि उशीर झाला की गुरं आणि रानडुकरं ती खाऊन टाकतात. जंगलातली झाडंसुद्धा घराघरांची ओळखलेली असतात. भाऊ वेगळे निघतात तेव्हा बांध्यांबरोबर मोहाची झाडंही वाटून घेतात.

मग मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, ऊन चढायच्या आत ओझं घरी आणायचं, आणि दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात 70 पानं. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, पोचते करावे लागतात. शिळं पान चालत नाही, म्हणून इथे हातांची खरी ओढाताण होते. तोडणारी दोन माणसं आणि बांधणारी चार असली तर कमाई होते. पानं लावून जुड्या करण्यात म्हातारी माणसं आणि शाळेला सुटी लागलेली मुलं तरबेज असतात. अशा वेळी माहेर दोन-चार कोसांवर असलेली सून आणि दहा दिवसांसाठी येऊन राहणारी तिची धाकटी बहीण घराची कमाई बदलून टाकतात. ज्या जोडप्याला आपल्या गावच्या जंगलात तेंदू कमी, ते बायकोच्या माहेरी हंगामापुरतं जाऊन राहतं. कोण कुठं राहतं याचं उत्तर या महिन्यांत वेगळं आणि पावसाळ्यात वेगळं, असंही असू शकतं.

धान मळून झालं की बरीच जोडपी मिरची तोडायला तेलंगणात जातात. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गावांतून हे दरवर्षीचं जाणं आहे. 2020 च्या टाळेबंदीत हेच मजूर तिकडे अडकले, आणि कितीतरी जण जंगलवाटांनी पायी परत आले, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला त्यांची दखल घ्यावी लागली. हे जाणंही नात्यांच्या टोळीनंच होतं. भाऊ, मेहुणा, साडू आणि त्यांच्या बायका एकत्र निघतात, म्हणजे अनोळखी मुलखात कुणी आजारी पडलं तर आपलं माणूस शेजारी असतं. शाळेतली मुलं मागे ठेवायची तर आजी-आजोबांकडेच. सासू नसेल, थकली असेल किंवा आधीच दोन नातवंडं सांभाळत असेल, तर मुलांची रवानगी आजोळी होते. आजोळ जवळ असेल तर शाळा बदलावी लागत नाही. घर कुठं बांधायचं हे ठरवताना बायको एवढं सगळं मनात धरून बोलते, आणि शहाणा नवरा ते ऐकतो.

अर्थशास्त्रज्ञ मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 मध्ये याच्या नेमकं उलटं चित्र मांडलं होतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं अभ्यासलेल्या कोरडवाहू गावांची आकडेवारी त्यांनी घेतली. त्या संस्थेच्या गावांत सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतली गावंही होती. त्यांचं म्हणणं असं की पावसाच्या भरवशावर जगणारी कुटुंबं मुली मुद्दाम लांबच्या गावी देतात. इथं दुष्काळ पडला तरी तिथं पडेलच असं नाही, आणि व्याह्याकडून दाणा-पैसा येऊ शकतो. लांबची सोयरीक हा त्यांचा विमा. मग कुरखेड्याच्या या झाडीपट्टीत सोयरीक एवढी जवळ कशी? या लेखामागची समजूत अशी की इथला विमा जंगल हा आहे. धान बुडालं तरी मोह, तेंदू, बांबू, चारोळी, हिरडा हे वेगळ्या महिन्यांत, वेगळ्या पावसावर येतात. माजी मालगुजारी तलावांचं पाणी आणखी थोडा आधार देतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या व्याह्यापेक्षा शेजारच्या गावातले चार जादा हात इथे अधिक उपयोगी पडतात. अकोल्याच्या कापसाच्या शेतावरचं गणित कुरखेड्याच्या बांधीवर जसंच्या तसं लागू होत नाही.

आता कागदाकडे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. केंद्रानं तेच 2005 मध्ये देशभर केलं. त्याआधी, 1990 च्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला लावली होती आणि विदर्भातल्या गावांनी तिला चांगली साथ दिली होती. पण 1956 च्या मूळ हिंदू वारसा कायद्यातलंच एक कलम अनुसूचित जमातींना त्या कायद्याबाहेर ठेवतं. गोंड, हलबा, कंवर मुलीचा हक्क त्यामुळे रूढीवर सोडला गेला, आणि रूढी काय आहे हे सहसा पुरुष पंचांनी सांगायचं. लेक गावातच राहिली, जावयानं वीस वर्षं शेत कसलं, तरी सासरा गेल्यावर चुलत भाऊ सातबारा घेऊन उभे राहतात. तिच्या नात्यानं घर कुठं असावं हे ठरवलं, पण घराखालच्या जमिनीवर तिचं नाव चढलं नाही.

17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात निकाल दिला. छत्तीसगडमधल्या सरगुजा भागातल्या एका गोंड स्त्रीचे वारस आपल्या आजोळच्या मिळकतीत वाटा मागत होते. मुलींना वाटा देण्याची रूढी आहे हे तुम्ही सिद्ध केलं नाही, असं म्हणून खालच्या न्यायालयांनी त्यांना परत पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न उलटा धरला. मुलींना वगळणारी रूढी आहे हे कुठे सिद्ध झालं? आणि वगळण्याला वाजवी कारण तरी काय? समानतेच्या हक्काचा आधार घेऊन न्यायालयानं त्यांना समान वाटा दिला. कुरखेड्याहून सरगुजा लांब आहे, तरी जमात तीच आणि रीतही पुष्कळ सारखी. ज्या घरी मुलगी आणि जावई राहून शेत सांभाळतात, त्या प्रत्येक घराला हा निकाल आपला वाटायला हवा.

दुसरा कागद अधिक जवळचा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं विवाहित दावेदाराच्या वनजमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त द्यायचा असं स्पष्ट लिहिलं. 2009 मध्ये याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही गावांपैकी ते एक, आणि त्यानंतर कुरखेडा-कोरचीतल्या कितीतरी ग्रामसभांनी आपल्या जंगलाचा हक्क मिळवला. तेंदू आणि बांबूचे व्यवहार ग्रामसभा स्वतः करू लागल्या. जंगलावरचा हा हक्क कुळावरून ठरत नाही, तो गावात राहण्यावरून ठरतो. ग्रामसभेत गावातली सगळी प्रौढ माणसं, बाहेरून आलेली सून जेवढी तेवढाच सासुरवाडीला येऊन राहिलेला जावईही. वारशाच्या कायद्यानं जे इतकी वर्षं दिलं नाही, ते वनहक्कानं राहण्याच्या आधारावर दिलं. जोडप्यानं कुठं राहावं या निर्णयाला त्यामुळे नवा अर्थ आला आहे. ज्या गावाचं जंगल चांगलं आणि ग्रामसभा जागी, तिथलं माहेर आता पूर्वीपेक्षा अधिक ओढ लावतं.

या जिल्ह्यांची कीर्ती ज्या जोडप्यांमुळे बाहेर पोचली, त्यांचीही या विषयात आठवण निघायला हवी. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 23 डिसेंबर 1973 रोजी सुरू झाला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे हे डॉक्टर जोडपं भामरागडच्या जंगलात राहायला गेलं. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. अभय वर्ध्याचे, राणी चंद्रपूरच्या. आणि खुद्द कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी 1980 च्या दशकात ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेचं काम सुरू केलं आणि ते तिथलेच झाले. ही माणसं नात्यापोटी आली नाहीत, विचारापोटी आली. पण पुढची पिढी? आमट्यांचे दोन्ही मुलगे, दिगंत आणि अनिकेत, हेमलकशातच राहिले आणि त्यांच्या पत्नी अनघा आणि समीक्षा तिथे येऊन त्या कामाच्या झाल्या. आनंदवनात प्रकाश यांचे भाऊ विकास आणि भारती आमटे राहिले. ध्येयानं बांधलेलं घर पुढच्या पिढीत नात्यानं टिकलं, आणि टिकताना मुलगे जागेवर राहिले, सुना आल्या. सार्वजनिक कामाच्या घरांतही जुनी दिशा किती पक्की असते ते यातून दिसतं. त्या सुनांनी आपली शहरं सोडून जे केलं त्याचं मोल म्हणून वेगळं सांगायला हवं.

नोकरदारांचं चित्र निराळं आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानं पती-पत्नी एकत्रीकरणाचा स्वतंत्र संवर्ग केला. दोघांच्या शाळांत 30 किलोमीटरांहून अधिक अंतर असेल तर त्यांना जवळ आणायला प्राधान्य. नवरा-बायकोनं एकत्र राहावं, ही गोष्ट इथे सरकारनं नियमात लिहून मान्य केली. आईवडिलांजवळ राहायला असं प्राधान्य नाही. म्हणून कुरखेड्यात नोकरी करणारं जोडपं मुलांच्या शाळेसाठी वडसा किंवा ब्रह्मपुरीला खोली करतं, रोज जाणं-येणं करतं, आणि गावाकडचे म्हातारे शेजाऱ्यांच्या आणि फोनच्या भरवशावर राहतात. वडशाला रेल्वे आहे, ब्रह्मपुरीत दवाखाने आहेत, हे खरं. पण त्या खोलीचा पत्ता ठरवताना बायकोची बहीण तिथे आधीपासून राहते, हे कारणही पुष्कळदा असतं, आणि ते बदलीच्या अर्जात लिहायला रकाना नसतो.

सर्वांत अवघड जागा मात्र परत आलेल्या मुलीची. नवरा गेला, किंवा पटलं नाही, आणि ती दोन मुलांना घेऊन माहेरच्या गावी राहू लागली. भावाच्या अंगणात तिची चूल वेगळी मांडली जाते. वनजमिनीचा पट्टा सासरच्या गावी, तोही असलाच तर. वडिलांच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. ग्रामसभेची ती सभासद आहे, कारण ती प्रौढ आहे आणि गावात राहते. तेंदूचा बोनस कुटुंबागणिक आणि पुड्यांगणिक वाटला जातो. तिनं तोडलेले पुडे भावाच्या कार्डावर चढवायचे की तिला वेगळं कार्ड द्यायचं, हे तालुक्याचं कुठलं कार्यालय ठरवत नाही. ते ग्रामसभेत, हंगाम सुरू होण्याआधीच्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीला ती स्वतः बसलेली असते.